दोषी ठरला, तरी घरी कसा?

कोर्टाच्या आवारात दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. पहिला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा: चोरी शाबीत झाली म्हणता, मग पोरगा संध्याकाळी पारावर बसलेला कसा? दुसरा ज्याचं गेलं त्याचा, आणि तो जरा चिडूनच विचारलेला असतो: त्याचं काय व्हायचं ते होवो, माझे पैसे कधी मिळणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रोबेशन, दुसऱ्याचं नुकसानभरपाई. आपल्याकडे ही दोन्ही उत्तरं एकाच कायद्यात, लागोपाठच्या कलमांत आहेत. कायदा १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम, कलमं चौथं आणि पाचवं. चौथं कलम आरोपीच्या वकिलांना तोंडपाठ असतं. पाचव्याची आठवण कोणी करून दिली तरच निघते, आणि या प्रकरणाचा निम्मा जीव त्या विसरात आहे.

एक उदाहरण धरून चालू. तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे कामाला असलेल्या पोराने गल्ल्यातले १८,००० रुपये लांबवले. तेव्हा त्याला अठरा पूर्ण होती, त्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे न जाता नेहमीच्या फौजदारी कोर्टात आलं. पोलिसांनी ६,५०० रुपये जप्त केले, बाकीचे उडाले होते. दोन वर्षांनी निकाल लागला: दोषी. पोरगा आता वीस वर्षांचा आहे. नोकराने मालकाकडे केलेली चोरी कायद्याच्या दृष्टीने साध्या चोरीहून गंभीर. तिला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१. सुटण्याचे प्रकार

लोक ‘सुटला’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. जामीन मिळतो तो खटला चालू असताना, दोष ठरायच्या आधी. निर्दोष सुटका म्हणजे आरोप शाबीतच झाला नाही. पॅरोल आणि फर्लो मिळते ती शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला, ठरावीक दिवसांपुरती, आणि तो निर्णय प्रशासन घेतं. प्रोबेशन या तिन्हींहून निराळं आहे. दोष ठरलेला असतो, पण शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश थांबतात.

संजय दत्त येरवड्यातून पॅरोलवर, फर्लोवर बाहेर आला तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण त्याआधी त्याने प्रोबेशन मागितलं होतं. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरल्यावर टाडा कोर्टाने ३१ जुलै २००७ रोजी ती मागणी फेटाळली आणि सहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पाच वर्षांवर आणली; प्रोबेशन मात्र त्यांनीही नाकारलं. ते मिळालं असतं तर पॅरोल आणि फर्लोचा प्रश्नच उरला नसता.

२. शिक्षा जाते कुठे?

कुठेच जात नाही. कर्जमाफी आणि कर्जाचं पुनर्गठन यांतला फरक शेतकऱ्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. माफीत सातबारा कोरा होतो. पुनर्गठनात कर्ज तसंच राहतं, फेडीची मुदत तेवढी वाढते, आणि नवे हप्ते चुकले की सोसायटी सगळी बाकी एकदम मागायला मोकळी होते. प्रोबेशन हे पुनर्गठन आहे.

कोर्ट आरोपीकडून बंधपत्र लिहून घेतं. कोर्टात सगळे त्याला बाँडच म्हणतात. त्यात मजकूर साधारण एवढाच असतो की मी अमुक मुदतीत शांतता राखीन, नीट वागेन, आणि कोर्टाने बोलावलं तर शिक्षा घ्यायला हजर राहीन. ही मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. बहुतेक वेळा जामीनदार लागतो. आपल्या उदाहरणात पोराचा चुलता सातबाऱ्याचा उतारा घेऊन उभा राहील आणि पोरगा घसरला तर बाँडची रक्कम त्याच्याकडूनही वसूल होऊ शकेल. आरोपीचा किंवा जामीनदाराचा त्या भागात पक्का पत्ता किंवा कायमचा कामधंदा असावा, अशी कायद्याची अट आहे. उद्या शोधायचं झालं तर माणूस सापडला पाहिजे.

याच कायद्यात याहून सौम्य वाटही आहे. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्हा चोरी, फसवणूक अशांपैकी किंवा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल, तर तिसऱ्या कलमाखाली कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं. त्याला बाँडही लागत नाही.

आता नोकरीचं. दोषी ठरल्यामुळे एखाद्या कायद्याने जी अपात्रता येते, ती प्रोबेशन मिळालेल्याला लागत नाही. बारावं कलम तसं स्पष्ट सांगतं. पण दोष पुसला जात नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर त्याच वागणुकीबद्दल खात्याने कारवाई केली तर प्रोबेशनचा कागद ढाल होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा म्हटलं आहे.

३. कोणाला मिळतं?

ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, तिथे चौथं कलम लागू होत नाही. ‘होऊ शकते’ हे शब्द नीट वाचावेत. धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत केली तर व्यवहारात चार-पाच वर्षांची कैदही होते, पण कलमात पर्याय म्हणून जन्मठेप लिहिलेली असल्यामुळे प्रोबेशनचं दार बंद. अमली पदार्थांच्या कायद्याने स्वतःपुरता बहुतेक ठिकाणी हा रस्ता बंद केला आहे. भ्रष्टाचाराच्या खटल्यांत, जिथे किमान शिक्षा ठरलेली आहे, तिथेही तो मिळत नाही. बेदरकार गाडी चालवून कोणाचा जीव घेणाऱ्याला प्रोबेशन देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बजावलं. चालकाच्या मनात तुरुंगाची भीती राहिली पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. रस्त्यावरचे आपले हाल पाहता त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

एकवीसच्या आतल्यांसाठी मात्र कायदा उलट बाजूने बोलतो. जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अशा मुलाला तुरुंगात धाडायचंच नाही, हा नियम. धाडायचंच झालं तर कारणं लिहून द्यायची, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचाच. यात मेख वयाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ठरवून दिलं की गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरायचं नाही, खालचं कोर्ट शिक्षेचा विचार करतं त्या दिवशीचं धरायचं. म्हणजे आपला पोरगा विसाव्या वर्षी निकालाला आला म्हणून या कलमात बसला. साक्षीदार आले नाहीत, तारखा पडत गेल्या आणि निकाल आणखी दोन वर्षं लांबला असता, तर तोच पोरगा, तोच गल्ला, तीच चोरी, पण हे संरक्षण गेलं. मग चौथ्या कलमाखाली कोर्टाच्या मर्जीवर विसंबायचं. दिरंगाई आरोपीच्या पथ्यावर पडते असं आपण धरून चालतो; इथे ती त्याच्या मुळावर येते.

४. घरी येणारा अधिकारी

बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा कारागीर होता. १८४१ च्या ऑगस्टमध्ये तो पोलीस कोर्टात असताना एका दारुड्याला शिक्षेसाठी उभं केलं. ऑगस्टसने त्याची हमी घेतली, दारू सोडायचं वचन घेऊन त्याला बाहेर काढलं आणि तीन आठवड्यांनी परत कोर्टापुढे आणलं. माणूस ओळखू येईना. न्यायाधीशाने एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च, एवढ्यावर भागवलं. १८५९ मध्ये मरेपर्यंत ऑगस्टसने सुमारे दोन हजार जणांची अशी हमी घेतली, पगाराविना. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७८ मध्ये त्याच्या कामाचा कायदा केला. मुंबई प्रांताचा स्वतःचा असा कायदा १९३८ सालचा, म्हणजे केंद्राच्या वीस वर्षं आधीचा.

ऑगस्टसचं काम आज परिवीक्षा अधिकारी करतो. महाराष्ट्रात तो महिला व बाल विकास विभागाचा माणूस असतो, पोलिसांचा नव्हे. वर्दी नाही, हातात फाइल. तो घरी जातो. घरात कमावतं कोण, बाप पितो का, पोराची शाळा कितवीत सुटली, का सुटली, संगत कोणाची, पूर्वी काही लफडं होतं का, हे विचारतो. आईशी बोलतो, शेजाऱ्यांशी बोलतो, जमलं तर जुन्या मालकाशीही. चोरी केली की नाही हा त्याचा प्रश्न नाही; ते कोर्टाने ठरवलेलं आहे. हा मुलगा बाहेर राहिला तर सरळ होईल का, एवढंच त्याला सांगायचं असतं. अहवाल गोपनीय असतो, पण त्यातला मथितार्थ कोर्ट आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर त्याचं म्हणणं ऐकू शकतं.

कोर्टाने देखरेखीचा आदेश दिला तर ती किमान एक वर्ष चालते. मग पोराने ठरल्या वेळी अधिकाऱ्यापुढे हजेरी लावायची, न विचारता गाव सोडायचं नाही, दारूला शिवायचं नाही, अशा अटी बाँडमध्ये येतात. अधिकाऱ्याच्या कामांची यादी कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे. गरज असेल तिथे नोकरी शोधायला मदत करायची, आणि कोर्टाने ठरवलेली नुकसानभरपाई फेडायला सल्ला आणि साहाय्य द्यायचं, हीदेखील त्याची कामं. १९५८ साली ज्यांनी हे लिहिलं, त्यांना एक गोष्ट दिसत होती: पोराला काम असेल तरच दुकानदाराला पैसे मिळतील.

५. कोणते पैसे कोणाचे?

पैशांच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

जप्त झालेला माल, कोर्टाच्या भाषेत मुद्देमाल, मुळात फिर्यादीचाच असतो. तो मिळवायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. अर्ज केला की कोर्ट सुपूर्दनाम्यावर परत देऊ शकतं. पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजणाऱ्या मोटारसायकली पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं की माल अडकवून ठेवू नका. पंचनामा करा, फोटो काढा, हमी घ्या आणि देऊन टाका. तरी त्या गंजतात, कारण अर्ज करायचा असतो हे पुष्कळांना कोणी सांगत नाही.

दंड सरकारचा. आरोपीने नाझरकडे दंड भरून पावती घेतली म्हणजे ते पैसे दुकानदाराला मिळाले, असा गैरसमज फार आहे. मिळत नाहीत, ते तिजोरीत जातात. कोर्टाने आदेशात तसं लिहिलं तरच दंडातला हिस्सा नुकसान झालेल्याला मिळतो.

तिसरी नुकसानभरपाई. तिला दोन वाटा आहेत. शिक्षेत दंड नसेल तर कोर्ट आरोपीला थेट ठरावीक रक्कम द्यायला सांगू शकतं; हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७ व्या कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९५ व्या कलमात आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दंडाला ५०,००० रुपयांची मर्यादा आहे, पण अशा थेट भरपाईला कमाल मर्यादा नाही. प्रोबेशन किंवा समज देऊन सोडलं असेल तर तोच अधिकार परिवीक्षा कायद्याचं पाचवं कलम देतं.

आपला हिशेब मांडू. गेले १८,०००. मुद्देमालातून परत मिळाले ६,५००. राहिले ११,५००. दुकानदाराच्या कोर्टातल्या खेपा आणि खर्च धरून कोर्टाने १२,००० ठरवले, चार-चार हजारांचे तीन हप्ते. पुढे दुकानदाराने याच पैशांसाठी दिवाणी दावा लावला, तर हे १२,००० तिथे वजा धरले जातील. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत.

नव्या न्याय संहितेने लहान चोऱ्यांपुरतं यापुढे एक पाऊल टाकलं आहे. चोरी ५,००० रुपयांच्या आतली, आरोपी पहिल्यांदाच दोषी, आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. परतफेड आधी, सवलत नंतर. हा क्रम मला पटतो.

६. किती मागायचं?

१९८८ चा एक निकाल यात पायाभूत मानतात. हरियाणातल्या मारहाणीत एकाची वाचा कायमची अधू झाली होती. उच्च न्यायालयाने आरोपींना प्रोबेशनवर सोडलं आणि थोडी भरपाई द्यायला लावली. सर्वोच्च न्यायालयाने प्रोबेशन कायम ठेवलं, पण भरपाई वाढवून ५०,००० केली. हा अधिकार कोर्टांनी सढळपणे वापरावा असं सांगून न्यायालयाने मापही दिलं: दुखापत किती, मागणी किती रास्त, आणि आरोपीची ऐपत किती. जरूर तर हप्ते बांधून द्या, हेही त्यात आहे.

ऐपतीचा मुद्दा फिर्यादीला खुपतो. माझं नुकसान त्याच्या खिशावरून का मोजायचं? पण मजुरी करणाऱ्या पोरावर लाखाची भरपाई लादली तर कागद भारी दिसतो आणि हातात काही पडत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका तरुणाला प्रोबेशनच्या अटीत ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई लावली होती. आईबापांनी उसने काढून २०० भरले, मग त्याचं काम सुटलं. वाचता न येणाऱ्या त्या माणसाला दुसरं मिळेना. राज्याने प्रोबेशन रद्द करून त्याला तुरुंगात घातलं. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं: पैसे असून भरत नाही की नाहीतच म्हणून भरत नाही, हे तपासल्याशिवाय आत टाकता येणार नाही.

७. नाहीच भरले तर?

भरपाई दंडासारखी वसूल होते. कोर्ट जंगम मालमत्ता जप्त करून विकायचा हुकूम काढू शकतं, किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करायला लावू शकतं. शिक्षेसोबत भरपाई असेल तर ‘न भरल्यास इतकी कैद’ असंही आदेशात लिहिता येतं. आणि ती कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चेकच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. ‘आत जाऊन येतो, पण पैसे देणार नाही’ हा हिशेब कायद्यात बसत नाही.

भरपाई बाँडची अट म्हणून घातली असेल आणि पोराने ती मोडली, तर नववं कलम. समन्स किंवा वॉरंट निघतं, आणि कोर्ट त्याला मूळ चोरीची शिक्षा ठोठावू शकतं. म्हणजे पुनर्गठन रद्द, सगळी बाकी एकदम. पहिलीच चूक असेल तर बाँड चालू ठेवून दंड करायचीही सोय आहे. त्या दंडाची कमाल मर्यादा कायद्यात लिहिली आहे पन्नास रुपये. १९५८ साली त्याला वजन असेल, आज त्यात दोन चहा आणि एक वडापाव येतो.

८. विसरलेलं कलम

महाराष्ट्रातलाच एक खटला. शेतात राखणीला असलेल्या कुटुंबाचं कुत्रं वाटेने जाणाऱ्यांवर भुंकलं, त्यावरून भांडण पेटलं आणि एक जीव गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. ३ मे २०१३ च्या निकालात न्या. टी. एस. ठाकूर यांनी लिहिलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाई द्यावी की नाही याचा विचार करणं कोर्टाला बंधनकारक आहे. न दिल्यास कारणं लिहिली पाहिजेत. खालच्या कोर्टांनी तो विचार केलाच नव्हता. पण इतकी वर्षं लोटल्यावर प्रकरण परत पाठवण्यात अर्थ नाही, असं म्हणून न्यायालयाने विषय तिथेच मिटवला. ज्या निकालाने साऱ्या देशातल्या पीडितांना हा आधार दिला, त्याच निकालात मेलेल्याच्या घरी एक रुपया गेला नाही.

आरोपी सापडलाच नाही, किंवा कंगाल निघाला, तर? त्यासाठी २००९ पासून पीडित भरपाई योजनेची तरतूद आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा आणि पैसे सरकार देतं. अॅसिड हल्ल्यात किमान तीन लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलं. त्याच वर्षी अशा पीडितांसाठी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना आली. गल्ल्यातल्या चोरीला या योजनांचा उपयोग नाही. हार्डवेअरवाल्याची मदार पाचव्या कलमावरच.

म्हणून फिर्यादींसाठी एवढंच. साक्ष झाली की काम संपलं असं समजू नका. नुकसानीच्या पावत्या, बिलं, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. निकाल जवळ आला की सरकारी वकिलांना भेटा आणि भरपाई मागणारा लेखी अर्ज शिक्षा ठरायच्या आधी कोर्टापुढे जाईल असं बघा. आरोपीचा वकील प्रोबेशन मागेल तेव्हा चौथ्या कलमाबरोबर पाचवंही वाचलं जावं, एवढा आग्रह धरा. रक्कम तुटपुंजी वाटली तर तेवढ्या मुद्द्यावर पीडिताला स्वतः अपील करता येतं. हा हक्क २००९ च्या अखेरीपासून कायद्यात आहे. वकिलाचा खर्च झेपणारा नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे, आणि निकषांत बसणाऱ्याला तिथे वकील फुकट मिळतो.